जुन्या आउटबोर्ड मोटरीची प्रकृतिपरीक्षा : दाबमापकाचा पुरावा आणि त्याची मर्यादा

अंतर्ज्वलन-एंजिनाच्या अध्ययनात नव्या एंजिनाच्या कार्यक्षमतेचा विचार विस्ताराने केला जातो. वीस, तीस किंवा पन्नास वर्षे वापरात असलेले एंजिन आज कोणत्या अवस्थेत आहे हे न उघडता कसे ठरवावे, या प्रश्नाला मात्र पाठ्यपुस्तकांत फारसे स्थान नसते. हा प्रश्न केवळ कारागिराचा आहे असा समज त्यामागे असावा. वस्तुतः मोजक्या बाह्य लक्षणांवरून अदृश्य अंतर्भागाविषयी अनुमान कसे करावे, कोणते लक्षण कोणत्या दोषाचा पुरावा ठरते आणि कोणत्या दोषाविषयी ते मुळीच बोलत नाही, हा शास्त्रीय पद्धतीचाच प्रश्न आहे. नावेच्या मागील फळीला बाहेरून अडकवावयाची, वर एंजिन व खाली पाण्यात पंखा असलेली आउटबोर्ड मोटर हे त्याचे उत्तम उदाहरण होय. रस्त्यावर बंद पडलेली मोटार कडेला लावता येते. खाडीच्या मुखाशी, ओहोटीच्या ओढीत बंद पडलेल्या एंजिनाच्या बाबतीत ती सोय नसते. म्हणून काठावर ‘एंजिन ठीक आहे’ असा जो निर्णय दिला जातो त्याचा आधार काय, हे तपासणे अगत्याचे आहे.

विवेच्य एंजिनाचे स्वरूप

नॉर्वेत जन्मलेल्या व अमेरिकेत स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरूड यांनी मिलवॉकी येथून १९०९ मध्ये आपल्या आउटबोर्ड मोटरीची विक्री सुरू केली. त्यानंतरच्या सहा-सात दशकांत या मोटरीचा जो ठराविक साचा बनला, त्याचाच येथे विचार केला आहे : दोन सिलिंडरांचे, दोन धावांचे, पेट्रोल व वंगणतेल यांच्या मिश्रणावर चालणारे, प्रचक्राखाली मॅग्नेटो असलेले, दोरीने ओढून सुरू करावयाचे एंजिन. एव्हिनरूड व जॉन्सन या नावांनी १९५० पासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनलेली ५ ते २० अश्वशक्तीची एंजिने या साच्याची आहेत, व त्यांपैकी पुष्कळशी अद्याप चालू आहेत. ती बनविणारी कंपनी २००० च्या अखेरीस दिवाळखोरीत निघाली. एव्हिनरूड हे नाव पुढे दुसऱ्या उद्योगाकडे गेले व २०२० मध्ये त्या नावाच्या मोटरींचे उत्पादनही थांबले. परिणामी अशा एंजिनाच्या परीक्षेत चूक झाली तर ती दोन्ही बाजूंनी महाग पडते. चांगले एंजिन भंगारात गेले तर त्याच्या जागी तसे नवे मिळत नाही, आणि खराब एंजिनावर विश्वास ठेवला तर त्याची किंमत समुद्रावर द्यावी लागते.

दोन धावांच्या एंजिनात दट्ट्या एकाच वेळी दोन कामे करतो, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे. दट्ट्याच्या वरच्या अंगास मिश्रणाचे संपीडन व ज्वलन होते. त्याच वेळी खालच्या अंगास, म्हणजे क्रँक-पेटीत, नवे मिश्रण ओढले जाते. ते पातळ पोलादी पात्यांच्या झडपेतून आत येते व दट्ट्या खाली उतरताना किंचित दाबले जाऊन बाजूच्या द्वारांतून सिलिंडरात चढते. क्रँक-पेटी हा अशा रीतीने एक पंपच आहे. प्रत्येक सिलिंडराची क्रँक-पेटी स्वतंत्र असून ती वरच्या, खालच्या व मधल्या सीलांनी बंदिस्त केलेली असते. यावरून उघड होते की या एंजिनाची प्रकृती म्हणजे मुख्यतः त्याच्या बंदिस्तपणाची प्रकृती होय; आणि हा बंदिस्तपणा दट्ट्याच्या वर, दट्ट्याच्या खाली, शीतक पाण्याच्या मार्गात आणि पाण्याखालच्या गिअरपेटीत, अशा चार ठिकाणी निरनिराळा तपासावा लागतो.

दाबमापक काय सांगतो

जुने एंजिन विकत घेणाराने प्रथम मागावी ती संपीडनाची परीक्षा, असा सार्वत्रिक संकेत आहे. दोन्ही ठिणगी-प्लग काढावे, त्यांच्या तारा एंजिनाच्या धातूस जोडून ठेवाव्या, थ्रॉटल पूर्ण उघडावे, प्लगच्या जागी दाबमापक बसवून दोरी पाच-सहा वेळा जोराने ओढावी व काटा चढावयाचा थांबला की आकडा टिपावा. शक्य असल्यास एंजिन आधी थोडे चालवून ऊन केलेले असावे. प्रस्तुत प्रकारच्या एंजिनात हा आकडा बहुधा चौरस इंचास ७० ते १०० पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ५ ते ७ किलोग्रॅम, एवढा येतो.

या आकड्याचा अर्थ लावताना थोडे गणित उपयोगी पडते. निष्कास-द्वार बंद झाल्यानंतर उरणाऱ्या आकारमानाचे व अंतिम आकारमानाचे गुणोत्तर उदाहरणादाखल ६ धरावे. हवा इतकी सावकाश दाबली की तिची उष्णता सिलिंडराच्या भिंतींत पूर्णपणे निघून जाते, तर अंतिम निरपेक्ष दाब ६ वातावरणे व मापकावरील वाचन ५ वातावरणे, म्हणजे चौरस इंचास सुमारे ७३ पौंड, होईल. उलट उष्णता मुळीच बाहेर गेली नाही, तर निरपेक्ष दाब १२ वातावरणांच्या वर जाईल व मापक चौरस इंचास १६५ पौंडांच्या आसपास दाखवील. हाताने दोरी ओढताना प्रत्यक्ष क्रिया या दोन सीमांच्या मध्ये कोठेतरी घडते. आणि गती मंद असल्याने व कड्यांजवळून थोडी गळती नेहमीच असल्याने वाचन खालच्या सीमेच्या जवळ राहते. म्हणून दोरी ओढणाऱ्या माणसाचे बळ, एंजिनाचे तापमान, सिलिंडरातील तेलाचा पातळ थर, यांपैकी काहीही बदलले तरी आकडा बदलतो. समुद्रसपाटीपासून १,५०० मीटर उंचीवरील सरोवरात तेच निरोगी एंजिन सुमारे सहाव्या हिश्श्याने कमी वाचन देईल, कारण आरंभीची हवाच तेवढी विरळ असते. काही एंजिनांत दोरी हलकी जावी म्हणून संपीडनाचा काही भाग मुद्दाम सोडून देण्याची योजना असते. तेथे कमी आकडा हा दोष नव्हे. केरळच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकापासून रूढ झालेल्या केरोसीनवर चालणाऱ्या मोटरींत त्या इंधनाच्या गुणधर्मानुसार संपीडन-गुणोत्तरच कमी ठेवावे लागते. तेव्हा त्यांचा आकडा पेट्रोल-एंजिनाच्या आकड्याशी ताडून पाहणे व्यर्थ होय.

अशा स्थितीत एकट्या आकड्यापेक्षा दोन सिलिंडरांच्या आकड्यांतील अंतर अधिक विश्वसनीय ठरते. मापक तोच, हात तोच, दिवस तोच, उंची तीच. त्यामुळे या सर्वांपासून उद्भवणारी चूक दोन्ही वाचनांत सारखीच असते व तुलनेत ती गळून पडते. एका सिलिंडरात ८२ व दुसऱ्यात ८० पौंड असलेले एंजिन हे १०५ व ७५ पौंड असलेल्या एंजिनापेक्षा निःसंशय चांगले. दोहोंतील अंतर दहा टक्क्यांच्या आत असावे, हा व्यवहारातील दंडक आहे. प्रत्येक सिलिंडराचे वाचन तीनदा घ्यावे व क्रम उलटवून पाहावा, म्हणजे दोरी ओढणाऱ्याचा थकवा दुसऱ्या सिलिंडराच्या माथी मारला जात नाही.

तथापि तुलनेलाही एक आंधळी बाजू आहे. दोन्ही सिलिंडर सारख्या प्रमाणात झिजले असतील तर अंतर शून्य येईल, आणि एंजिन मात्र निकामी असेल. अशा वेळी वर काढलेली खालची सीमा उपयोगी पडते. उष्णता पूर्णपणे निघून गेली तरी दाब ज्या मर्यादेखाली जाऊ शकत नाही, तिच्याही खाली वाचन येत असेल, तर हवा कोठून तरी निसटत आहे एवढे निश्चित म्हणता येते. ती कोठून निसटते हे ठरविण्यासाठी सिलिंडरात चमचाभर तेल सोडून वाचन पुन्हा घेण्याची पद्धत आहे. आकडा पुष्कळ चढला तर कड्या व सिलिंडर झिजले असावेत, मुळीच चढला नाही तर गॅस्केटवर संशय घ्यावा, असा तिचा आशय. परंतु ओतलेल्या तेलाने ज्वलनकक्षाचे आकारमानही कमी होते व त्यामुळेही दाब चढतो. म्हणून या परीक्षेचा कौल साहाय्यक पुरावा म्हणूनच घ्यावा. दीर्घकाळ पडून राहिलेल्या एंजिनात कड्या काजळीने खाचेत चिकटलेल्या असतात. त्यांत झीज नसते, आणि काजळी विरघळविणारे द्रव्य घालून एंजिन काही काळ चालविल्यावर पुष्कळदा दाब पूर्ववत होतो. पहिल्या वाचनावरच अंतिम निर्णय देऊ नये, याचे हे एक कारण आहे.

दाबमापक ज्याविषयी मौन पाळतो

येथपर्यंतची सर्व परीक्षा दट्ट्याच्या वरच्या अंगाची झाली. खालच्या अंगाविषयी, म्हणजे क्रँक-पेटीच्या पंपाविषयी, दाबमापक काहीच सांगत नाही. क्रँक-दंडाचे सील कठीण होऊन चिरले असतील, पात्यांच्या झडपेतील एखादे पाते तुटले असेल किंवा पेटीच्या सांध्यातून हवा शिरत असेल, तरी संपीडनाचे वाचन उत्तम येऊ शकते. चार धावांच्या मोटार-एंजिनाची सवय असलेला परीक्षक नेमका येथे फसतो.

हा दोष धोक्याचा आहे, कारण तो हळूहळू घात करतो. क्रँक-पेटीत बाहेरची हवा शिरली म्हणजे मिश्रणात इंधनाचे प्रमाण घटते. आणि या एंजिनात वंगणतेल इंधनातूनच येत असल्याने वंगणही त्याच प्रमाणात घटते. इकडे विरळ मिश्रणाने ज्वलनकक्षाचे तापमान वाढते. एकीकडे उष्णता वाढते, दुसरीकडे वंगण कमी होते, आणि अखेर दट्ट्या सिलिंडराला घासून ओरखडे पडतात किंवा तो अडकून बसतो. ज्या दिवशी हे घडते त्याच्या आदल्या दिवशीही दाबमापक निर्दोष आकडा दाखवू शकतो.

या पेटीची प्रत्यक्ष परीक्षा करावयाची तर सर्व द्वारे बंद करून आत अल्प दाबाने हवा भरावी लागते, व त्यासाठी एंजिन बरेचसे सोडवावे लागते. म्हणून प्रथम अप्रत्यक्ष लक्षणे पाहावी. मंद गतीत एंजिन स्थिर न राहणे, इंधनाची सुई कितीही फिरविली तरी दोन्ही सिलिंडरांचे एकमत न होणे, कार्ब्युरेटरच्या तोंडातून इंधनाचे तुषार उलट उडणे ही ती लक्षणे होत. यांपैकी शेवटचे लक्षण पात्यांच्या झडपेकडे स्पष्ट बोट दाखविते. मंद गतीत चालणाऱ्या एंजिनाच्या एकेका प्लगची तार, वीजरोधक मुठीच्या चिमट्याने काढून लगेच धातूस टेकविली, तर निरोगी सिलिंडराच्या बाबतीत गती चटकन उतरते. दुबळ्या सिलिंडराच्या बाबतीत ती फारशी बदलत नाही. जो सिलिंडर संपीडनात व ठिणगीत चांगला ठरूनही येथे दुबळा ठरतो, त्याच्या इंधनमार्गाची व क्रँक-पेटीची चौकशी प्राधान्याने करावी. १९५० च्या दशकातील पुष्कळ मोटरींत इंधनाच्या टाकीस दोन नळ्या असत व क्रँक-पेटीच्या दाबानेच पेट्रोल वर ढकलले जाई. अशा मोटरीत टाकीत दाब न साचणे हे प्रथम टाकीच्या व नळ्यांच्या गळतीचे लक्षण मानावे. ती निर्दोष ठरली तर संशय क्रँक-पेटीकडे वळतो.

ठिणगीची कसोटी

प्लग बाहेर काढून एंजिनाच्या डोक्यावर टेकवावा, दोरी ओढावी, ठिणगी दिसली की मॅग्नेटो चांगला आहे असे म्हणावे, ही रीत सर्वत्र आढळते. ती अपुरी आहे. दोन अग्रांमधील वायूत विद्युत्-भंग होण्यासाठी लागणारा दाब, म्हणजे व्होल्टता, ही वायूची घनता व अग्रांमधील अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असते, हे फ्रीडरिख पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवून दिले. प्लगमधील फट सुमारे ०.७५ मिलिमीटर असते. सिलिंडरात हवा सहापट घन झाली असता तेवढी फट ओलांडणे हे उघड्या हवेत सुमारे ४.५ मिलिमीटर ओलांडण्याइतके कठीण होते. मोकळ्या हवेत प्लगवर दिसणारी ठिणगी या कामाच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याची साक्ष देते. यासाठीच स्पर्शबिंदूंच्या मॅग्नेटोची ठिणगी मोकळ्या हवेत ६ मिलिमीटरची, म्हणजे पाव इंचाची, फट निश्चितपणे ओलांडते की नाही हे पाहण्याचा प्रघात आहे. वरील ढोबळ हिशेबाच्या मानाने त्यात तिसऱ्या हिश्श्याइतकी अधिक तरतूद राहते.

ठिणगी दुबळी आढळल्यास प्रथम स्पर्शबिंदू घासून स्वच्छ करावे व त्यांतील फट अर्ध्या मिलिमीटरवर आणावी. त्यानेही सुधारणा न झाल्यास वेटोळी तपासावी. या काळातील मॅग्नेटोच्या वेटोळ्यांचे रोधक वेष्टन तडकणे हा प्रसिद्ध दोष आहे. तडकलेले वेटोळे थंड असताना ठिणगी देते व तापल्यावर देईनासे होते. म्हणून ही परीक्षा एंजिन ऊन झाल्यावर पुन्हा करावी.

पाणी व गिअरपेटी

आउटबोर्ड मोटर ज्या पाण्यावर चालते तेच पाणी तिला थंड करते. ते वर चढविणारा रबरी पंखांचा छोटा पंप गिअरपेटीच्या माथ्यावर असतो. पंप वर्षानुवर्षे स्थिर राहिला तर पंख वाकलेल्या स्थितीतच कडक होतात, आणि पाण्यावाचून एंजिन चालविल्यास ते काही सेकंदांत नष्ट होतात. यास्तव मोटर केवळ सुरू होते हे दाखविण्यासाठी कोणी ती कोरडीच चालवू लागला, तर परीक्षकाने त्यास थांबवावे. मोटर पाण्याच्या पिंपात उभी करूनच चालवावी. जुन्या नमुन्यांत पाण्याची दर्शक धार नसते. तेथे निष्कासाच्या वरील छिद्रातून निघणारे तुषार पाहावे. पिंपात थंड राहणारे एंजिन पूर्ण भाराखाली तापू शकते, कारण खाऱ्या पाण्यातील क्षारांनी सिलिंडराभोवतालचे मार्ग अंशतः बुजलेले असतात. एका प्लगचे टोक काळसर-तपकिरी व दुसऱ्याचे धुतल्याप्रमाणे स्वच्छ असेल, तर त्या दुसऱ्या सिलिंडरात गॅस्केटमधून पाणी झिरपत आहे असे समजावे. कधी कधी ही सूचना दाबमापकाच्याही आधी मिळते.

गिअरपेटीची परीक्षा सर्वांत सोपी, आणि तरीही सर्वाधिक विसरली जाणारी होय. खालचा स्क्रू काढून थोडे तेल बोटावर घ्यावे. ते दुधी दिसले तर आत पाणी शिरले आहे. राखेसारखा बारीक गाळ ही सामान्य झीज. धातूचे कण किंवा चिपा हाताला लागल्या तर दाते तुटू लागले आहेत. पंख्याच्या दांड्यावर गुंडाळलेला मासेमारीचा नायलॉन दोर हे येथील सील कापले जाण्याचे नित्याचे कारण आहे. म्हणून पंखा काढून पाहणे आवश्यक ठरते.

इंधनाचा बदललेला संदर्भ

जुन्या एंजिनास आज मिळणारे इंधन ते बनले तेव्हाचे नाही. भारतात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व पडदे मऊ करते किंवा फुगविते, आणि किनाऱ्यावरील दमट हवेतून पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले म्हणजे इथेनॉल व पाणी यांचा थर पेट्रोलपासून अलग होऊन तळाशी बसतो. या थरात वंगणतेल जवळजवळ नसते, आणि टाकीचे तोंड नेमके तळाशीच असते. पावसाळाभर टाकीत राहिलेल्या इंधनावर जुन्या एंजिनाची परीक्षा घेणे म्हणजे परीक्षेतच त्याला इजा करण्यासारखे आहे. तेलाच्या प्रमाणाबाबतही अशीच सावधगिरी हवी. प्रस्तुत एंजिनांपैकी १९६४ पूर्वीच्यांना सामान्यतः २४ भाग पेट्रोलास एक भाग तेल, तर १९६४ पासूनच्या बहुतेकांना ५० भागांस एक भाग तेल सांगितलेले आहे. तेलाच्या डब्यावर छापलेले प्रमाण पाहून जुन्या एंजिनात ५० भागांचे मिश्रण भरले, तर त्याची बेअरिंगे निम्म्याहून कमी वंगणावर चालतील.

परीक्षेचा क्रम व निर्णय

वरील विवेचनावरून परीक्षेचा क्रम सहज निश्चित होतो. जी परीक्षा एंजिनास अपाय करू शकत नाही ती आधी, व जी करू शकते ती नंतर. प्रथम गिअरपेटीचे तेल व प्लगची टोके पाहावी. नंतर प्रचक्र हाताने फिरवून काही अडते का ते पाहावे. मग संपीडन, मग ठिणगी. त्यानंतर ताज्या इंधनावर पिंपात चालवून पाणी व एकेका सिलिंडराचे काम पाहावे. आणि सर्वांत शेवटी, काठाच्या जवळ व वल्ही बरोबर ठेवून, पूर्ण भाराखाली चालवावे. अखेरची पायरी गाळता येणार नाही, कारण विरळ मिश्रण, बुजलेला जलमार्ग व तापल्यावर दगा देणारे वेटोळे हे तिन्ही दोष भाराखालीच प्रकट होतात.

या क्रमातील प्रत्येक परीक्षा एकाच प्रश्नाचे उत्तर देते. संपीडनाचे चांगले वाचन हा दट्ट्याच्या वरच्या अंगाच्या बंदिस्तपणाचा पुरावा आहे, संपूर्ण एंजिनाच्या प्रकृतीचा नव्हे. म्हणून एंजिनासोबत एक वही ठेवून त्यात प्रत्येक वाचन, त्याचा दिनांक, एंजिन ऊन होते की थंड, आणि मापक कोणता वापरला याची नोंद करावी. पहिल्या वर्षी ८० व ७८, दुसऱ्या वर्षी ७९ व ७८, तिसऱ्या वर्षी ७८ व ६६ अशी नोंद असेल, तर तिसऱ्या वर्षीच्या एकाकी आकड्यांवरून न कळणारी गोष्टही कळते : दुसऱ्या सिलिंडरात एवढ्यातच काहीतरी बिघडले आहे, आणि नाव पुन्हा खाडीबाहेर नेण्यापूर्वी तो उघडून पाहिला पाहिजे.